मिरचीचा बोकड्या पुन्हा पुन्हा का येतो? आधी पान बघा, मग फवारा

कुंडीतल्या मिरचीची पाने आकसली, शेंडा गोळा झाला, कळ्या गळायला लागल्या, म्हणून कडुनिंबाचे तेल फवारले. आठ दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच. गच्चीवर किंवा गॅलरीत मिरची लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे कधी ना कधी भोगावे लागते. गावाकडे याला बोकड्या म्हणतात, शेतीच्या पुस्तकांत चुरडा-मुरडा. लक्षण एकच दिसते, पण करणारे वेगवेगळे असतात. कधी फुलकिडे (थ्रिप्स), कधी पिवळा कोळी (माइट नावाचा अतिसूक्ष्म जीव), कधी पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, तर कधी यातले कोणीच नाही, नुसते ऊन किंवा पाण्याची हेळसांड. फुलकिड्यांवरचे औषध कोळ्याला लागू पडेलच असे नाही आणि विषाणूवर तर औषधच नाही. न बघता फवारत राहिले की बोकड्या परत परत येतो, त्याचे मुख्य कारण हेच.

पान कसे बघायचे

सकाळी लवकर बघा. दुपारच्या उन्हात निरोगी मिरचीचे पानही वळते, त्यावरून काही ठरवता येत नाही. खालची जुनी पाने सोडून द्या. शेंड्यापासून तिसरे-चौथे पान हातात घ्या आणि त्याच्या कडा कुठे वळल्यात ते पाहा.

कडा वरच्या बाजूला वळून पानाची होडी झाली असेल तर पहिला संशय फुलकिड्यांवर घ्या. कडा खाली वळून होडी पालथी झाली असेल तर पिवळा कोळी. ही खूण बहुतेक वेळा खरी ठरते, पण विषाणूनेही पान वरच्या बाजूला वळते, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. पान उलटे करा. मागच्या बाजूला शिरांच्या कडेने चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसले तर तिथे फुलकिड्यांनी खरवडून रस घेतलेला आहे. मागची बाजू तेलकट, तांबूस चमकत असेल, पान जाडसर आणि कडक लागत असेल, दाबल्यावर कडकन मोडत असेल तर कोळी. पाठ स्वच्छ आहे, ओरखडा नाही, चमक नाही, पण पान बोटाच्या पेराएवढेच राहिले आहे, शिरांच्या मधला भाग पिवळा पडला आहे आणि वरची पेरे इतकी आखूड की पानांचा झुपका झाला आहे, तर विषाणू धरून चाला.

दुसरी तपासणी पांढऱ्या कागदाची. साधा कोरा कागद शेंड्याखाली धरा आणि शेंड्यावर बोटाने चार-पाच टिचक्या मारा. उमललेले फूल असेल तर तेही कागदावर झटका. आता कागद हलवू नका. पडलेल्या धुळीतून काही कण क्षणभराने चालायला लागतात. फिकट पिवळे, जेमतेम मिलिमीटरभर लांब, पेन्सिलीच्या बारीक रेघेसारखे दिसणारे ते फुलकिडे. पिवळा कोळी या तपासणीत सापडत नाही. तो साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो, साध्या डोळ्यांना दिसतच नाही. त्यासाठी कमीत कमी १० पट, शक्यतो २० पट मोठे दाखवणारे भिंग लागते. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटवायचे मॅक्रो भिंगही चालते. अगदी कोवळ्या, अजून न उलगडलेल्या पानाची पाठ बघा. काचेसारखी लांबट अंडी आणि त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी दिसल्या की शंका उरत नाही. भिंग नसेल तर लक्षणांवर भिस्त ठेवा: पालथी होडी, कडक पान आणि नेहमीपेक्षा लांबलेला देठ.

तिसरी तपासणी झाड हलवण्याची. हलकेच हलवताच पांढरे ठिपके उडाले आणि लगेच पुन्हा पानामागे जाऊन बसले तर पांढरी माशी. शेंड्यावर किंवा पानामागे हिरवे-काळे मऊ किडे दाटीने बसलेले, पान चिकट आणि खोडावर मुंग्यांची ये-जा असेल तर मावा. माव्यानेही पान चुरगळते, पण तो डोळ्यांना दिसतो आणि साबणपाण्याने जातो, म्हणून त्याची फार काळजी नको.

एकाच झाडावर दोघेतिघे असणेही नवलाचे नाही. पिवळा कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना धरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, त्यामुळे माशी दिसली की कोळीही तपासा.

फुलकिडे असतील तर

यांचा जोर कोरड्या, तापलेल्या हवेत असतो. फेब्रुवारी अखेरपासून पावसापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात. जोराच्या पावसाने ते धुऊन जातात, म्हणून उघड्या गच्चीवरची झाडे जुलैत आपोआप सुधारल्यासारखी वाटतात आणि छताखालच्या गॅलरीतली सुधारत नाहीत.

एका फवारणीने ते का जात नाहीत, हे त्यांच्या जगण्यात आहे. मादी अंडी पानावर घालत नाही, पानाच्या आत टोचून घालते. तिथे कोणताही स्पर्शाने काम करणारा फवारा पोहोचत नाही. ती अंडी साधारण आठवड्याभरात उबतात. पिल्ले काही दिवस रस शोषतात आणि मग मातीच्या वरच्या थरात, पालापाचोळ्यात किंवा आकसलेल्या पानाच्या घडीत कोषावस्थेत जातात. तिथेही फवारा लागत नाही. सगळा फेरा २ ते ३ आठवड्यांचा. म्हणजे आज फवारले तर आजची पिल्ले आणि मोठे किडे मेले, पानातली अंडी आणि मातीतले कोष शाबूत राहिले. आठ दिवसांनी तेच वर येतात.

म्हणून उपाय एका दमात, तीन बाजूंनी करावा लागतो. पहिले तीन दिवस रोज सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोराचा फवारा मारा. कुंडी आडवी करून, मातीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून मारला तर माती सांडत नाही आणि शेंड्याची पाठ नीट धुतली जाते. याने बराच भार उतरतो, आणि याला पैसा लागत नाही. मग सगळ्यात जास्त आकसलेले शेंडे कापून टाका. ती पाने पुन्हा सरळ होणार नाहीत, उलट त्यांच्या घडीतच किडे लपतात. कापलेले शेंडे तिथेच कुंडीत टाकू नका, पिशवीत भरून गाठ मारा. त्यानंतर कडुनिंबाची फवारणी सुरू करा, ५ ते ६ दिवसांच्या अंतराने तीन वेळा. दुसरी चुकवली तर पहिली वाया गेली असे समजा, कारण पानातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांसाठीच ती असते.

मातीचे काम बहुतेक जण करत नाहीत आणि तिथेच सगळे अडते. कुंडीतला गळलेला पाला वेचून काढा. वरची इंचभर माती हलकी उकरून त्यात निंबोळी पेंड मिसळा, १२ इंची कुंडीला ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे एक लहान मूठ. पाणी द्या. महिन्याने पुन्हा एकदा.

निळे चिकट सापळे फुलकिड्यांना ओढतात. विकतचे नसतील तर निळ्या गुळगुळीत पुठ्ठ्याला एरंडेल चोळून चालते, धूळ बसली की पुसून पुन्हा चोळायचे. सापळा शेंड्याच्या उंचीवर टांगा, वर छताला नाही. एक सांगायला हवे: सापळ्याने कीड संपत नाही. ती किती आहे आणि वाढते आहे की उतरते आहे, हे कळते. तेवढ्यासाठीच तो मोलाचा आहे.

पाने ठीक आहेत पण फुले तपकिरी होऊन गळतात आणि मिरच्या वेड्यावाकड्या येतात, असे असेल तर फुलांच्या आत बघा. थ्रिप्स पार्विस्पिनस ही फुलकिड्यांची बाहेरून आलेली जात फुलांत दाटीने राहते. २०२१ च्या हंगामात आंध्र आणि तेलंगणातल्या मिरचीचे तिने फार नुकसान केले. घरच्या कुंडीत ती दिसली तर सगळी उमललेली फुले तोडून पिशवीत बंद करणे हाच पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय. एक बहर जातो, झाड वाचते.

पिवळा कोळी असेल तर

दमट, उबदार आणि हवा न खेळणाऱ्या जागी हा माजतो. पावसाळ्यातली बंदिस्त गॅलरी, दाटीने ठेवलेल्या कुंड्या, सप्टेंबर-ऑक्टोबरची घुसमट. याचा फेरा फार छोटा, उबदार हवेत आठवड्याच्या आत पुरा होतो. म्हणून सोमवारी एका शेंड्यावर दिसलेले लक्षण पुढच्या सोमवारपर्यंत सगळ्या कुंड्यांवर असते.

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुकानातून आणलेले कुठलेही कीटकनाशक मारणे. कोळी हा कीटक नाही, तो आठ पायांचा, जाळे विणणाऱ्या कोळ्यांच्याच कुळातला जीव. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे त्याच्यावर काम करत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी वाढतो. शिवाय हे औषध झाडाच्या रसात भिनते. आठवड्याभरात जी मिरची फोडणीत पडणार, तिच्यावर ते मारण्याची घरच्या बागेत गरज नाही.

कोळ्यावर गंधक चालते. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, एका लिटरला २ ग्रॅम. घरच्या वजनकाट्यावर २ ग्रॅम नीट मोजता येत नाहीत, तेव्हा २० ग्रॅम मोजून कागदावर त्याचे दहा सारखे ढीग करा, एकेक ढीग कागदाच्या पुडीत बांधून ठेवा. एक पुडी, एक लिटर. आधी आकसलेला शेंडा निरोगी दिसणाऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण दोन इंच खाली, कापा. कोळी शेंड्याच्या सांदीत असतो, पाण्याने धुऊन तो निघत नाही, त्यामुळे कापणी इथे फुलकिड्यांपेक्षाही महत्त्वाची. मग गंधक, सात दिवसांनी पुन्हा गंधक.

दोन गोष्टी काटेकोर पाळा. पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल त्या दिवशी गंधक मारू नका, पाने भाजतात. आणि तेलाची फवारणी आणि गंधक यांत किमान १५ दिवसांचे अंतर ठेवा, कोणतेही आधी असले तरी. काल कडुनिंबाचे तेल आणि आज गंधक मारल्यावर दोन दिवसांत पाने करपली की लोकांना वाटते रोग वाढला. फुलकिडे आणि कोळी दोन्ही असतील तर आधी गंधकाच्या दोन फवारण्या पूर्ण करा, त्या काळात फुलकिड्यांना पाण्याचा जोर आणि निळे सापळे यांवर थोपवा, आणि शेवटच्या गंधकानंतर पंधरा दिवसांनी कडुनिंब घ्या.

आजारी झाडाला सगळ्यात शेवटी हात लावा. कात्री स्पिरिटने पुसा. कोळी बाहीवर, हातावर बसून पुढच्या कुंडीत जातो.

विषाणू असेल तर

हे सांगताना वाईट वाटते, पण झाड उपटायचे. दुसरा मार्ग नाही. पांढऱ्या माशीने थोडा वेळ रस शोषला तरी विषाणू झाडात जातो आणि लक्षण दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पाने पिवळी-हिरवी, इवलीशी, झुपक्यात, फळधारणा बंद, अशा अवस्थेत खत, ताक, कडुनिंब, काहीही दिले तरी झाड बरे होत नाही. ते उभे असेपर्यंत शेजारच्या मिरची-टोमॅटोला विषाणू पुरवत राहते.

उपटायचीही रीत आहे. तसेच उपटले तर माशा उडून शेजारच्या झाडावर जातात आणि काम उलटे होते. भल्या पहाटे, माशा सुस्त असताना, आधी साबणपाण्याने झाड चिंब करा. मग मोठी पिशवी वरून उलटी घाला, खोडाशी आवळा आणि मुळासकट काढा. त्यावर आलेल्या मिरच्या खायला हरकत नाही, हा विषाणू माणसाला काही करत नाही. बी मात्र ठेवू नका. हा विषाणू मातीतून पसरत नाही, त्यामुळे कुंडीतली माती फेकण्याची गरज नाही. फुलकिड्यांचे कोष असू शकतात म्हणून ती पंधरा दिवस झाडाविना उन्हात वाळू द्या, मग वापरा. पिवळे चिकट सापळे लावा. आणि ज्या झाडांवर पांढरी माशी मुक्काम करते ती तपासा: वांगे, टोमॅटो, भेंडी, जास्वंद. मिरचीवर दहा माशा दिसतात तेव्हा शेजारच्या वांग्याच्या पानाखाली बहुतेक शंभर असतात.

किडीचा दोष नसतो तेव्हा

दुपारी पान लांबीत वर वळते आणि संध्याकाळी सरळ होते: ऊन. मार्च ते मे पश्चिमेच्या गॅलरीत ३५ ते ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा आणि फरशीवर टेकलेली कुंडी विटांवर उचला, तापलेल्या फरशीची धग मुळांना लागते.

कोवळी पाने वाटीसारखी वळलेली, टोके करपलेली, आणि मिरचीच्या टोकाला खोलगट काळसर डाग असेल तर नव्या वाढीला कॅल्शियम कमी पडते आहे. याचे कारण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम नसणे हे नसते, पाणी कधी खूप कधी अजिबात नाही, हे असते. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर असते, तिथे चुना घालून काही मिळत नाही. कोकण-गोव्यातली जांभ्याची तांबडी माती आम्ल असते, तिथे लावणीआधी थोडा चुना उपयोगी पडतो. निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावलेल्या झाडाला मात्र खरोखर कमतरता होऊ शकते, कारण नीट न धुतलेले कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवते. अशा वेळी कॅल्शियम नायट्रेट २ ग्रॅम प्रतिलिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा मुळाशी. अंड्याची टरफले वर्षभरात कुजून जमीन सुधारतात, पण आजच्या पानाला आज उपयोग नाही. एप्सम सॉल्ट वारंवार घालणाऱ्यांनी थांबावे, जास्तीचे मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येते.

पाने पट्ट्यांसारखी अरुंद, देठ पिळवटलेले, आणि एकाच दिवशी टोमॅटोसकट सगळ्या झाडांवर परिणाम दिसला तर तणनाशकाचा संशय घ्या. तणनाशकासाठी वापरलेला पंप कितीही धुतला तरी भाजीवर वापरू नये. शेतातून आणलेला पाला किंवा पेंढा आच्छादनाला घेताना त्यावर तणनाशक मारले होते का, हे विचारून घ्या.

फवारे नीट कसे बनवायचे

कडुनिंबाचे तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. तसेच फवारले तर बाटलीतून आधी पाणी येते आणि शेवटच्या दोन झाडांवर निव्वळ तेल पडते. पाव लिटर कोमट पाण्यात आधी १ ते २ मिलि सौम्य द्रवसाबण मिसळा, त्यात ५ मिलि तेल हळूहळू घालत ढवळा. पाणी दुधाळ व्हायला हवे, वर तेलाचा तवंग राहता कामा नये. मग उरलेले पाणी घालून एक लिटर करा. त्याच दिवशी संपवा, ठेवलेले मिश्रण फुटते आणि त्याचा गुण उतरतो. कपडे धुण्याची पावडर साबणाच्या जागी वापरू नका, तिच्यातल्या सोड्याने कोवळी पाने जळतात.

निंबोळी अर्क तेलापेक्षा झाडाला सोसायला सोपा. ५० ग्रॅम सुक्या निंबोळीच्या गराची भरड पूड पुरेशा पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा, एक लिटर करा, त्यात १ मिलि साबण. पावसाच्या तोंडावर पडणाऱ्या पिकल्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षभर पुरतात. बुरशी आलेल्या निंबोळ्या घेऊ नका. दुकानात तयार अझाडिरॅक्टिन (कडुनिंबातले काम करणारे द्रव्य) घेणार असाल तर बाटलीवरचा पीपीएमचा आकडा वाचा: १,५०० पीपीएम असेल तर लिटरला ५ मिलि, १०,००० पीपीएम असेल तर २ ते ३ मिलि. दोन्हीला एकच माप लावले तर एकतर काही होत नाही किंवा पाने करपतात. लेबलवर वेगळे लिहिले असेल तर लेबलचे ऐका.

फवारणी सूर्य कलल्यावर. उन्हात कडुनिंबातले काम करणारे द्रव्य लवकर नष्ट होते आणि तेलाने पानही भाजते. नळी खालून वर धरा. नुसते वरून मारलेले औषध वरच्या बाजूलाच राहते आणि कीड सगळी खाली असते. पहिल्यांदा एका फांदीवर मारून एक दिवस थांबा. जाती-जातीत सोसण्याचा फरक असतो आणि तहानलेल्या झाडाची पाने हमखास करपतात, म्हणून सकाळी भरपूर पाणी देऊन संध्याकाळी फवारा. साबणपाणी एकटे वापरायचे असेल तर लिटरला ५ मिलि, आणि तासाभराने साध्या पाण्याने धुऊन टाका.

व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडींना मारणारी बुरशी पांढरी माशी, मावा आणि फुलकिडे यांवर चांगली चालते, लिटरला ५ ग्रॅम, पण हवेत ओल असली तरच. पावसाळी संध्याकाळ तिच्यासाठी उत्तम, मे महिन्यात पैसे वाया. गंधक बुरशीनाशकही आहे, त्यामुळे ते दोन्ही आगेमागे वापरू नयेत.

घरगुती उपायांपैकी तंबाखूचे पाणी अजिबात नको. निकोटिन माणसाला विषारी आहेच, शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू मिरचीत येऊ शकतो. तंबाखू मळलेल्या हातानेही मिरचीला हात लावू नये, साबणाने धुऊन मगच. राख पानांवर उधळल्याने पानामागचा कोळी किंवा पानाच्या आतली अंडी यांना काही होत नाही, उलट धूळ बसलेल्या पानांवर मित्रकीटक फिरकत नाहीत. ती राख कंपोस्टात जाऊ द्या.

सुधारणा कशी ओळखायची

आकसलेले पान सरळ होत नाही, कधीच. त्याच्याकडे बघत राहिलात तर औषध लागू पडले असूनही पडले नाही असे वाटेल आणि तुम्ही मात्रा वाढवाल. उपचार सुरू केले त्या दिवशी शेंड्याखाली सैलसा दोरा बांधा. दोऱ्याच्या वर आलेली पाने बघायची, खालची नाही. दहा ते चौदा दिवसांत वरची दोन-तीन पाने सपाट उलगडली तर दिशा बरोबर आहे. तीन फवारण्यांनंतरही नवे पान आकसूनच येत असेल तर मात्रा वाढवू नका, निदान पुन्हा करा. बहुतेक वेळा फुलकिडे समजून कोळ्यावर तेल मारले गेलेले असते, किंवा विषाणू असतो.

या काळात नत्र देऊ नका. झाड खुरटले म्हणून युरिया, जास्तीचे शेणपाणी, दर आठवड्याला जीवामृत, हे सगळे लुसलुशीत शेंडे आणते आणि रस शोषणाऱ्या किडींना तेच हवे असते. शेंडे सरळ यायला लागल्यावर मूठभर गांडूळखत पुरे.

परत येतो कुठून

चार ठिकाणे तपासा. गुलाब: मिरचीवरचा फुलकिडा गुलाबावरही राहतो आणि गुलाबाच्या कळ्या तपकिरी होतात तेव्हा कोणी त्याचा मिरचीशी संबंध जोडत नाही. द्राक्ष, आंबा आणि डाळिंबावरही हाच असतो, त्यामुळे नाशिक-सांगलीकडे बागांच्या शेजारी घर असेल तर बागेत छाटणी किंवा फवारणी झाल्यावर आठवडाभर कागदाची तपासणी रोज करा. दुसरे, हंगाम संपलेली म्हातारी मिरची. दोन वर्षांचे, चार मिरच्या देणारे झाड मायेने ठेवलेले असते आणि तेच नव्या रोपांना कीड पुरवते. तिसरे, दाटी. दोन १२ इंची कुंड्यांत किमान दीड फूट अंतर हवे, पान पानाला लागता कामा नये.

चौथे आणि सगळ्यात महत्त्वाचे, आणलेले रोप. रोपवाटिकेतल्या चांगल्या दिसणाऱ्या रोपाच्या शेंड्यात कोळी आणि पानात फुलकिड्यांची अंडी असू शकतात. नवे रोप दहा-बारा दिवस बाकीच्या बागेपासून लांब ठेवा आणि दर तीन दिवसांनी कागदावर टिचक्या मारून बघा. त्याहून चांगले म्हणजे बी घरीच टाकणे. पावसाळी लावणीसाठी मे अखेर, हिवाळी लावणीसाठी ऑगस्ट-सप्टेंबर. ट्रेवर वाकवलेल्या तारांची कमान करून त्यावर जुनी मलमल किंवा तलम सुती ओढणी घाला आणि कडा विटांनी दाबा. मच्छरदाणी चालणार नाही, तिच्या भोकांतून पांढरी माशी आणि फुलकिडे सहज आत जातात. पाणी कापडावरूनच झारीने द्या, म्हणजे उघडझाक होत नाही. पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर झाले की कुंडीत लावा आणि शक्य असेल तर तेच कापड पहिले तीन आठवडे कुंडीवरही ठेवा. विषाणू जितका उशिरा लागेल तितके झाडाचे नुकसान कमी होते, आणि पहिल्या फुलापर्यंत झाड निरोगी राहिले तर पुढे थोडी कीड आली तरी ते मिरच्या देत राहते.